मिरची तिखट लागली, म्हणून आम्ही थांबलो

अन्याय माझ्या काकीवर झाला. गेल्या विजयादशमीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या न्याहारीच्या जरा आधी, सड्यावरच्या, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळमाळावरच्या, आंब्याच्या कलमांच्या बागेत. ती आणि वाडीतल्या आणखी काही बायका कलमांखालचं गवत बेणत होत्या. काकीने डाव्या हाताने गवताचा झुबका धरला, उजव्या हातातला विळा अजून टेकायचा होता, तेवढ्यात डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला फुरसं चावलं.

फुरशाने अन्याय केला असं मी म्हणत नाही. फुरसं आपल्या जागी होतं. वीत-दीड वीत लांबीचं, कातळाच्याच रंगाचं जनावर. पाऊस ओसरला की गवताच्या बुडाशी, दगडाच्या आडोशाला वेटोळं करून पडून असतं. बाकीचे साप चाहूल लागली की निघून जातात, हे बहुतेक वेळा जागचं हलत नाही. अंगाला अंग घासतं आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज करतं. ती त्याची सूचना. पाच-सहा विळे एकदम चालत असताना ती कोणाला ऐकू जाणार?

अन्याय त्यानंतर सुरू झाला आणि तो माणसांनी केला. त्यातली काही माझ्या घरची आहेत. तरी लिहिते.

मी तेव्हा वाडीतच होते, विहाराच्या पडवीत पताका चिकटवत. एरवी रत्नागिरीत असते. आम्ही काही मुलंमुली मिळून आरोग्याची पत्रकं काढतो आणि बाजाराच्या दिवशी वाटतो. पाणी उकळा, लेप्टोचा ताप ओळखा, फवारणी करताना तोंड बांधा. लोक पत्रक घेतात, घडी घालतात आणि त्यावर भजी ठेवून खातात. सर्पदंशाचं पत्रक आम्ही त्याच पावसाळ्यात काढलं होतं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "घाबरू नका." कुठल्याही पत्रकाचं पहिलं वाक्य तेच असतं.

"पान लागला गो, पान लागला!" असं ओरडत बायका उतारावरून खाली आल्या. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. दोघींनी काकीला काखेत धरलं होतं आणि ती चालत होती, जवळजवळ धावतच. चावलेल्या माणसाला चालवू नये हे मला पाठ होतं. पण बोटांना पताकांची खळ तशीच लागलेली होती, ती मी ओढणीला पुसत राहिले.

काकीला आमच्या अंगणात बसवलं. बोटावर दोन बारीक टिपके, सुईने टोचल्यासारखे. तेवढंच.

इथे माझी आत्या पुढे आली. वडिलांची थोरली बहीण, वाडीतल्या प्रत्येक बाळंतपणाला आणि प्रत्येक मयताला पहिली हजर असणारी. तिने कोणाला काही विचारलं नाही. स्वयंपाकघरातून एक हिरवी मिरची आणली.

आता हे नीट समजून घ्या. आमच्या वाडीत देवऋषी नाही. आजोबांच्या पिढीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव गेले, अंगारे गेले, गंडेदोरे गेले. साप चावला तर आम्ही कोणाच्या देवळात कौल लावायला जात नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण मिरची राहिली. मिरचीत देव नाही, मंत्र नाही, म्हणून ती काढून टाकायला हवी असं कोणाच्या मनात आलंच नाही. चावलेल्या माणसाला मिरची खायला द्यायची. तिखट लागली तर विष चढलेलं नाही. गोड लागली किंवा काहीच चव लागली नाही, तर पळवा. आमच्या लेखी ती परीक्षा होती, जवळजवळ विज्ञान.

"चाव. नीट चाव," आत्या म्हणाली.

काकीने चावली. डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं लाल झाली.

"लागताय तिखट?"

"लागताय म्हणजे? जळताय गो वन्सं! पाणी द्या कोणतरी."

अख्खं अंगण हसलं. खरंच हसलं. मघापासून तोंडाला पदर लावून उभ्या असलेल्या बायका खाली टेकल्या. कोणीतरी म्हणालं, चहा टाका.

मी म्हटलं, "आते, फुरशाचं विष जिभेवर नाही चालत. ते रक्तात जातं. तिखट कळलं म्हणून काही सिद्ध होत नाही."

"तुज्या कागदात लिवलाय?"

"हो, लिहिलंय."

"मग तुजा कागदच चावायला देऊया तिला. बघू तिखट लागतो काय."

पुन्हा हसणं. आत्याला दोष देणं सोपं आहे. पण त्या अंगणात ती सगळ्यांत जास्त घाबरलेली होती, हे मला तिच्या हातातल्या मिरचीच्या देठावरून कळत होतं. तो देठ ती चुरगाळत होती, चुरगाळतच होती. मिरची तिखट लागावी म्हणून ती मनातल्या मनात हात जोडून उभी होती. लागली, आणि तिने ते धरून ठेवलं. घाबरलेल्या माणसाला बरी बातमी मिळाली की ती खरी आहे का, हे तो तपासत नाही.

मी काकीच्या हाताकडे गेले. "बांगड्या काढ. हात सुजला की मनगटात रुततील."

"उद्या सणाच्या दिवशी मोकळ्या हाताने बसवतेस तिला?" शेजारची म्हणाली. "दादला धडधाकट हाय तिचा मुंबईत."

साबण लावून मी चार काढल्या. चार राहिल्या, कारण काकीने हात मागे घेतला. सगळ्यांसमोर तिला ते बरं वाटेना.

चहा झाला. मी तिथे उभी होते, मला सगळं माहीत होतं, आणि मी आरडाओरडा करत होते असं मला वाटत होतं. नंतर कळलं की माझा आवाज कोणाला ऐकूसुद्धा आला नव्हता. मी नुसती पुटपुटत होते.

मग काकीने तोंडातला तिखटपणा घालवायला चूळ भरली आणि ओट्याखाली टाकली. पाणी लालसर पडलं.

"मिश्री लावते ना ती, हिरड्या फुटल्या असतील," एकजण म्हणाली. तेही सगळ्यांना पटलं. काकीला नाही पटलं. तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं बोट उघडून दाखवलं. सुईएवढ्या त्या दोन टिपक्यांतून रक्त अजून येत होतं. भळभळा नव्हे, पाझरल्यासारखं. पदर ओला झाला होता आणि हात कोपरापर्यंत टरटरला होता.

"बाय," ती हळूच म्हणाली, "हा थांबत नाय गो. मना ने तू."

तिने तसं म्हटलं नसतं तर आम्ही अजून किती वेळ बसलो असतो, हा विचार मी करत नाही.

वाडीतल्या एकाची रिक्षा होती, तीत घालून आरोग्य केंद्रात नेलं. बागेतल्या एका गड्याने मागाहून फुरसं ठेचलं होतं, तो आमच्या आधीच मोटरसायकलवरून तिथे पोचला होता. ठेचलेलं फुरसं त्याने पाण्याच्या बाटलीत कोंबून आणलं होतं, डॉक्टरांना दाखवायला. साप बरोबर न्यायची गरज नसते. त्याला मारण्यात वेळ जातो, आणि मेलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं. पण आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात त्या बाटलीभोवती गर्दी जमली. मोबाइल निघाले. "एवढासा?" "पिल्लू हाय रे." माझी काकी बाकावर बसून गुडघ्यावर रक्त गाळत होती आणि लोक बाटलीचा व्हिडिओ काढत होते.

डॉक्टर माझ्याच वयाचे असतील. त्यांनी काकीचा हात पाहिला, हिरड्या पाहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते ओळखीचं होतं. तेही घाबरले.

"रत्नागिरीला न्या. ॲम्ब्युलन्स बोलावतो."

"इथे लस आहे ना?" मी विचारलं. सापाच्या विषावरचं औषध, त्याला आपल्याकडे लस म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही सापांवर एकच चालतं.

नर्सबाईंनी भिंतीकडच्या फ्रीजकडे पाहिलं. मी त्यांनाच विचारलं, "सिस्टर, आहे का?"

"आहे," त्या म्हणाल्या.

"मग इथेच सुरू करा. रत्नागिरीपर्यंत जायला वेळ लागेल."

"त्या औषधाची रिॲक्शन येते," डॉक्टर म्हणाले. "अंगावर गांधी उठतात, प्रेशर पडतं, श्वास अडकतो. इथे मी एकटा आहे. काही झालं तर तुम्हीच लोक उद्या दगड घेऊन याल."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही. मी डॉक्टर नाही. मी पत्रकं वाटते. आमच्या पत्रकात लिहिलं होतं, "ताबडतोब जवळच्या आरोग्य केंद्रात जा." आम्ही गेलो होतो. जवळच्या आरोग्य केंद्रात फ्रीज होता, फ्रीजमध्ये औषध होतं, औषधाजवळ डॉक्टर उभे होते. आणि काकीला एक थेंबही मिळाला नाही. तिला एक सलाइन लावलं, एक चिठ्ठी दिली आणि निरोप दिला.

ते जे म्हणाले ते खोटं नव्हतं. रिॲक्शन येते. पण ती सांभाळायचं इंजेक्शन असतं, ते शेजारी भरून ठेवायचं आणि सुरुवात करायची, हेही तितकंच खरं आहे. मिरचीमागे आत्याची भीती होती, चिठ्ठीमागे डॉक्टरांची. दोन्ही भीती मला समजतात. पण भीती त्यांची होती आणि रक्त काकीचं.

ॲम्ब्युलन्समध्ये काकाचा फोन आला. काका मुंबईत वॉचमन आहे. वाडीतून कोणीतरी कळवलं असणार. मी फोन काकीच्या कानाला लावणार होते, पण आधी त्याचाच आवाज आला, "मिरची दिलीत काय?"

"दिली."

"लागली तिखट?"

"लागली, पण काका..."

"मग घाबरू नको!" तो रडत होता. "तिखट लागली ना, मग घाबरू नको तू."

मी फोन ठेवून दिला. त्याला दुसरं काय सांगू?

काकीला तहान लागली होती. ती सारखी डोळे मिटत होती आणि मी सारखी तिला हलवत होते. झोपू द्यायचं नाही म्हणतात, तेही आमच्यातलंच एक खूळ. फुरशाच्या विषाला झोपेशी काही देणंघेणं नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी हलवत होते. डोळे उघडे असले की ती आहे, एवढाच माझा हिशेब. रत्नागिरीच्या अलीकडे भाट्याच्या पुलावर आलो तेव्हा तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. भरती होती, खाडीचं पाणी पुलाच्या खांबांना लागलं होतं. "पाणी चढलाय," ती म्हणाली, जशी ती एरवी एसटीतून जाताना म्हणते. तिच्या दातांच्या फटीत रक्त होतं. मी दुसरीकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना, आणि न बघितलं तर ती जाईल असंही वाटे. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी असंच करत होते, बघ, मान फिरव, पुन्हा बघ.

मोठ्या इस्पितळात मात्र कोणी बाटलीतलं फुरसं मागितलं नाही. आधी एका नर्सने उरलेल्या बांगड्या कात्रीसारख्या हत्याराने तोडल्या. मनगटावर त्यांचे वळ उठले होते, खोल. मग दंडातून थोडं रक्त काढून काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घातलं आणि नळी स्टँडवर उभी केली.

"हलवायची नाही, हात लावायचा नाही," नर्स म्हणाली. "वीस मिनिटं."

ही खरी परीक्षा. तुम्हा-आम्हाला समजेल इतकी साधी आहे. निरोगी माणसाचं रक्त नळीत तसंच ठेवलं तर साकळतं, दह्यासारखं बसतं. नळी आडवी केली तरी ओघळत नाही. फुरशाचं आणि घोणसाचं विष रक्ताची साकळण्याची ताकदच मारतं. म्हणून हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, आणि पुढे आत, दिसत नाही तिथे, मेंदूत, मूत्रपिंडात. एक काचेची नळी आणि वीस मिनिटांचा धीर, एवढंच लागतं. त्या आरोग्य केंद्रातही हे करता आलं असतं.

मी नळीसमोर उभी राहिले. आत गडद लाल, शांत. मला वाटत होतं बसतंय, वरचा थर बसतोय. मी नर्सला म्हटलं, "साकळतंय वाटतं." ती म्हणाली, "बाजूला व्हा." तिने घड्याळ पाहिलं, नळी तिरपी केली.

रक्त काचेवरून चहासारखं वाहिलं.

त्या क्षणाचं भय मला अजून शब्दांत मांडता येत नाही. ओरडावंसं वाटलं नाही, रडू आलं नाही. मी फक्त भिंतीला धरून खाली बसले. सकाळपासून ती बोलत होती, चालली होती, मिरची खाऊन पाणी मागत होती, आणि एवढा सगळा वेळ तिच्या आत हे असं वाहत होतं.

लस सुरू झाली. थोड्याच वेळात तिला थंडी वाजून आली, दात वाजायला लागले, पोटावर, मानेवर लाल गांधी उठल्या. म्हणजे केंद्रातले डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. मी धावत सुटले, पण नर्स आधीच पोचली होती. इंजेक्शन ट्रेमध्ये भरलेलं तयार होतं. तिने लस थांबवली, मांडीत सुई दिली, श्वास पाहिला, नाडी पाहिली. काही वेळाने गांधी बसल्या आणि लस परत सुरू झाली. कोणी कोणावर ओरडलं नाही. ज्याच्या भीतीने आम्हाला तिथून घालवलं होतं, ते असं होतं.

दिवेलागण झाल्यावर दुसरी नळी ठेवली. तीही वाहिली. पुन्हा लस. विजयादशमीला सकाळी वाडीत वंदना सुरू झाली असेल त्या सुमाराला तिसरी नळी तिरपी केली आणि रक्त हललं नाही. नर्सने नळी मला जवळून दाखवली. मी तिचे पाय धरणार होते, तिने मागे सरून म्हटलं, "अहो, काय करता!"

काकी जगली. पण किती उशिरा औषध मिळालं ते तिच्या शरीरात लिहून राहिलं आहे. बोटाचं पुढचं पेर काळं पडलं, ते काढावं लागलं. मूत्रपिंडं हळूहळू सावरताहेत, तपासणीला अजून जावं लागतं. गवताचा झुबका तिला धरता येत नाही, आणि ती धरणारही नाही. अंगणात नारळाच्या काथ्याचा सुंभ पडलेला दिसला तरी दारातच थबकते, मी घरी असले की मला हाक मारते, "बाय, बघ गो काय हाय ता." मी जाऊन बघते. खरं सांगायचं तर काठीने बघते. मीही सड्यावर एकटी जात नाही. फुरसं पिल्लंच घालतं, अंडी नाही, पावसाळ्याच्या तोंडाशी डझन-दीड डझन पिल्लं गवतात पसरतात, विंचू-किडे खातात, हे सगळं मी पूर्वी मुलांना कौतुकाने सांगायचे. अजून सांगते. फक्त सांगताना माझ्या पायांकडे लक्ष असतं.

आत्या इस्पितळात आली होती. काकीच्या उशाशी बसून राहिली. निघताना मला म्हणाली, "ती नळी मना दाखव एकदा." मी नर्सला विचारून रिकामी नळी दाखवली. आत्याने ती उजेडात धरली, फिरवली. "आता कोणाक पान लागला तर मिरची नाय," म्हणाली. आणि मग माझ्यावरच डाफरली, "पण ही नळी तिथे केंद्रात का नाय ठेवत? मोठी कागद वाटतेस ती!"

बरोबर विचारलं तिने. आमच्या पत्रकातून "घाबरू नका" हे वाक्य मी खोडलं आहे. घाबरा. साप चावला तर घाबरायलाच हवं. मात्र घाबरून मिरची शोधत बसू नका. हात किंवा पाय न हलवता बांबूला नाहीतर फळीला सैल बांधा. अंगठी, बांगडी, जोडवी लगेच उतरवा, सणवार बघू नका. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळू नका, काही खायला लावू नका, चालवू नका. आणि आरोग्य केंद्रात पोचलात की "पुढे न्या" हे उत्तर मुकाट ऐकून घेऊ नका.

पण ते उत्तर मिळेपर्यंत थांबायचं कशाला? हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं सांगणं आहे, विनंती नाही. येत्या सोमवारी तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात जा. एकटे नाही, चार जण जा. विचारा: सापाची लस आहे का? तिची मुदत संपलेली नाही ना? काचेची कोरडी नळी आहे का? रिॲक्शनचं इंजेक्शन आहे का? आणि मुख्य म्हणजे, ही लस इथे टोचायला कोण तयार आहे, त्याला ते शिकवलंय का? शिकवलं नसेल तर कधी शिकवणार, हे लेखी मागा. ते लेखी हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.